समाज म्हणजे माझी आत्या

आमच्या संस्थेत संशोधनासाठी अनुदान मागायचा जो अर्ज असतो, त्यात सातवा रकाना समाजाचा आहे. 'आपल्या संशोधनात समाजाचा सहभाग कसा असेल, ते दोनशे शब्दांत लिहा.' पहिले सहा रकाने भरायला मला तीन आठवडे लागतात. सातवा मी मुदत संपायच्या दिवशी, चहा गार व्हायच्या आत भरतो. भरतो म्हणजे काय, मागच्या अर्जातला उचलून नव्या अर्जात चिकटवतो. एकदा त्या घाईत जुन्या प्रकल्पातले मासे तसेच राहून गेले आणि वृद्धांसाठीच्या उपकरणाच्या अर्जात 'माशांच्या हिताचा सर्वांगीण विचार केला जाईल' असं वाक्य वर गेलं. अनुदान मंजूर झालं. म्हणजे सातवा रकाना मी मन लावून लिहीत नाही तसाच तो कोणी मन लावून वाचतही नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार हलकं वाटलं.

हे मी अभिमानाने सांगत नाही. म्हणजे आता सांगत नाही. तेव्हा हा माशांचा किस्सा मी चार लोकांत रंगवून सांगायचो आणि इतरांच्या आधी स्वतःच हसायचो.

तर ते उपकरण. एकटं राहणारं म्हातारं माणूस खोलीत पडलं की ताबडतोब कळावं, म्हणून मी सहा वर्षं खपून एक पांढरी डबी तयार केली होती. ती भिंतीच्या कोपऱ्यात वर लावायची. तिच्यात कॅमेरा नाही, त्यामुळे कोणाचा फोटो कुठे जायची भीती नाही. पडद्यावर दिसतो तो फक्त काड्यांचा माणूस, लहान मूल पाटीवर काढतं तसा. त्याच्या शेजारी एक ठिपका. माणूस ठीक असेल तर ठिपका हिरवा, पडला तर लाल, आणि लाल झाला की तळमजल्यावर घंटा वाजणार. उपकरणाचं नाव आम्ही 'सोबत' ठेवलं. नावावर दोन महिने चर्चा झाली. एवढी चर्चा आम्ही दुसऱ्या कशावरही केली नाही.

पडणं म्हणजे काय, हे डबीला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी कोणीतरी पडून दाखवावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना काही 'जरा पडा' असं म्हणता येत नाही. म्हणून आमचे विद्यार्थी पडले. व्यायामशाळेतून जाड गादी मागवली आणि बावीस-तेवीस वर्षांची धट्टीकट्टी मुलं चारशे बारा वेळा त्या गादीवर धाडकन आपटली. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. एक जण तर इतका देखणा पडायचा की आम्ही त्याला पैलवानच म्हणायचो. डबी भराभर शिकली. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा ती पडलेला माणूस अचूक ओळखू लागली आणि मी छाती फुगवून ठिकठिकाणी भाषणं देत सुटलो.

मग वरून नवा नियम आला. संशोधन समाजाला उत्तरदायी असावं, म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या सल्लागार समितीवर समाजाचा एक प्रतिनिधी हवा. तज्ज्ञ नको, साधा नागरिक. आणि त्याच्या सहीशिवाय उपकरण चाचणीच्या पुढे जाणार नाही. आमची समिती तशी आटोपशीर होती. विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात; ज्या वृद्धनिवासात डब्या पहिल्यांदा लागायच्या होत्या तिथले व्यवस्थापक; आणि मी. आता चौथा समाज आणायचा होता.

समाज कुठून आणायचा हा प्रश्न मी दोन मिनिटांत सोडवला. मी आत्याला फोन केला.

"समाज म्हणजे तुझी आत्या?" बायको म्हणाली.

"का? ती काय समाजाबाहेर आहे?"

"तसं नाही. तुला फक्त सही करणारं माणूस हवंय."

"सही तर प्रतिनिधीला करावीच लागते," मी म्हटलं, आणि आपण किती हजरजबाबी आहोत या आनंदात तो दिवस घालवला.

बायकोचं अर्थातच बरोबर होतं. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एकोणऐंशी. तिने लग्न केलं नाही. आई-वडील कामावरून परत येईपर्यंत मी रोज शाळेतून तिच्याकडे जायचो, आणि तिने मला कधी कशाला नाही म्हटल्याचं आठवत नाही. शिवाय ती त्याच वृद्धनिवासात तिसऱ्या मजल्यावर राहत होती, त्यामुळे चाचणीसाठी खोलीही घरचीच मिळाली. समाज हाताशी, खोली हाताशी, सही खिशात. संशोधकाला आणखी काय हवं?

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एका माणसाची लाइन दुसऱ्याला जोडून दिली की ऑपरेटरने बाजूला व्हायचं, असा तिथला नियम. आत्या बाजूला व्हायची नाही. दोन्हीकडून 'हो, ऐकू येतंय' असं कानावर पडल्याशिवाय ती कानावरचा हेडफोन काढायचीच नाही. त्यापायी वरिष्ठांची बोलणी खायची. "जोडून दिलं म्हणजे लागलं असं नसतं," ती म्हणायची. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आजही माझ्याशी फोनवर बोलून झालं की ती विचारते, "ऐकू आलं ना नीट?" आणि मी "हो आत्या" म्हणेपर्यंत फोन ठेवत नाही.

पहिल्या बैठकीला ती ठेवणीतले कपडे घालून आली, पर्समध्ये वही घेऊन. मला वाटलं होतं, बिस्किटं खाईल, भाच्याचं दोन शब्द कौतुक करेल आणि सही करून जाईल. तिने वही उघडली.

"ढब्बू," ती म्हणाली. साहेबांसमोर. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, माझ्या नावाच्या आधी डॉक्टर लागतं आणि नंतर दोन ओळींचा हुद्दा. "ढब्बू, यात पडून कोणी दाखवलं?"

"विद्यार्थ्यांनी, आत्या. चारशे बारा वेळा."

"केवढी मुलं?"

"बावीस-तेवीस वर्षांची."

"आणि पडली कशी?"

मी पडद्यावर पैलवानाची चित्रफीत लावली. पैलवान धाडकन पडला. साहेबांनी समाधानाने मान डोलावली.

"असं कोण पडतं रे?" आत्या म्हणाली. "मी दोनदा पडलेय. एकदा पलंगाची कड धरून घसरले, एकदा दाराला टेकून खाली बसतच गेले. मला वाटलं, बसलेय. उठायला गेले तेव्हा कळलं की पडलेय. आमच्या मजल्यावरचे बँकवाले आजोबा तर अर्धा तास पडतात."

"अर्धा तास?"

"म्हणजे हळूहळू. आधी खुर्चीतून थोडे घसरतात, मग तिथेच टेकतात, मग आणखी घसरतात. तू एकदा ये ना वर. सगळ्यांना विचार, कोण कसं पडलं ते. अगदी आवडीने सांगतील. आम्हाला दुसरं बोलायला असतं काय!"

सगळे हसले. मीही हसलो. "नक्की येतो," म्हटलं.

गेलो नाही. त्या आठवड्यात अहवाल होता, पुढच्या आठवड्यात भाषण होतं, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा म्हाताऱ्यांनी पडण्याच्या चौदा नव्या तऱ्हा सांगितल्या असत्या तर माझी सहा वर्षं पाण्यात गेली असती. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच गेलो नाही.

आत्याचा दुसरा प्रश्न व्यवस्थापकांना होता. वृद्धनिवासात प्रत्येक मजल्यावर एक मावशी असते. दर अर्ध्या तासाने ती प्रत्येक दार ढकलून आत डोकावते, कोणाचा चष्मा शोधून देते, कोणाचं पाणी भरते, रिकामा कप उचलते आणि पुढे जाते. डब्या लागल्या की तळमजल्यावर बसून एकच माणूस सगळ्या खोल्या बघणार होता.

"मग मावशी?" आत्याने विचारलं.

"त्यांना दुसरीकडे सामावून घेऊ," व्यवस्थापक म्हणाले.

"कुठे?"

व्यवस्थापकांनी पाणी प्यायलं.

बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि या कामात माझा हात धरणारं कोणी नाही. मी लिहिलं: 'समाजाच्या प्रतिनिधींनी उपकरणात विशेष रस दाखवला व सहकार्याची तयारी दर्शवली. मनुष्यबळाच्या पुनर्रचनेवर मोकळी चर्चा झाली.' लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता.

दोन महिन्यांनी प्रात्यक्षिक ठरलं. वरून चार पाहुणे येणार होते. त्यांना पटलं की दोनशे खोल्यांत डब्या लावायला मंजुरी, आणि माझ्या खोलीच्या दारावरच्या हुद्द्यात तिसरी ओळ. आत्याच्या खोलीतली डबी आमच्या सभागृहातल्या मोठ्या पडद्याला जोडली. पाहुण्यांना गंमत वाटावी म्हणून मी शेवटच्या आठवड्यात एक करामतही घालून ठेवली: काड्यांच्या माणसाने हात वर केला की शेजारी 'हॅलो!' असं उमटायचं. तिचा कोणाच्या पडण्याशी काही संबंध नव्हता, पण पाहुण्यांना अशा गोष्टी आवडतात.

आदल्या दिवशी मी आत्याला फोनवर समजावलं. "तू नेहमीसारखी वावर. मध्ये एकदा हात कर, म्हणजे झालं. आम्ही सगळे बघत असू."

"तू बघत असशील ना?"

"मीच तर बघणार आहे, आत्या."

"बरं. ऐकू आलं ना नीट? मी हात करेन."

"हो आत्या."

मग मी आणखी एक खबरदारी घेतली. व्यवस्थापकांना सांगून अकरा ते साडेबारा तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींची फेरी बंद ठेवली. ऐन प्रात्यक्षिकात मावशी कप उचलायला खोलीत शिरल्या तर पडद्यावर काड्यांची दोन माणसं दिसली असती आणि पाहुण्यांचा घोटाळा झाला असता. फार बारीकसारीक विचार करतो मी.

सकाळी अकराला सुरुवात झाली. काड्यांची आत्या खोलीत फिरत होती, कपाटापाशी जात होती, खिडकीपाशी जात होती. ठिपका हिरवा. मी पडद्यासमोर उभा राहून बोलत होतो आणि सभागृह माझ्या मुठीत होतं. सव्वाअकराच्या सुमाराला काड्यांची आत्या पलंगाच्या पलीकडच्या बाजूला गेली, वाकली, आणि सावकाश खाली गेली. शेजारी अक्षरं उमटली: 'बसल्या आहेत'. ठिपका हिरवाच.

"या खाली का बसल्या आहेत?" पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं.

प्रश्न सरळ होता. त्याचं सरळ उत्तर 'माहीत नाही' असं होतं. आमच्या धंद्यात पाहुण्यांसमोर हे दोन शब्द उच्चारायची पद्धत नाही.

"व्यायाम करत असेल," मी म्हटलं. "आत्या फार शिस्तीची आहे."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. पाच मिनिटांनी काड्यांच्या आत्याने हात वर केला. 'हॅलो!' पडद्यावर उमटलं. सभागृहात हशा पिकला. मी पडद्याकडे वळून हात केला. साहेबांनी केला. चारही पाहुण्यांनी केला. आत्याने पुन्हा हात केला. पुन्हा 'हॅलो!', पुन्हा हशा. "आत्याबाईंना मजा येतेय," साहेब म्हणाले, आणि मी म्हटलं, "आज ती ऐकायची नाही." मग आम्ही तिला तिथेच ठेवून चहाला गेलो.

बारा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मावशी होत्या.

"आत्या पडल्यात," त्या म्हणाल्या. "पलंगाच्या पलीकडं. गाडी बोलावलीय. तुम्ही सरळ हॉस्पिटलला या."

"केव्हा पडली?"

"मला काय माहीत? मला आत जायला बंदी होती ना. सकाळचा कप राहिलाय म्हणून गेले, तर ह्या खाली. अंग गार पडलंय त्यांचं."

माझ्या हातात बिस्किट होतं. ते मी खाल्लं. का खाल्लं ते मला आजही सांगता येत नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर आत्याने आधी चष्मा मागितला, मग मला जवळ बोलावलं.

"कंगवा पडला होता रे. घ्यायला वाकले, तर गुडघा गेला. चादर धरली, ती माझ्याबरोबर खाली आली. उशापाशी घंटा आहे, पण मी पलीकडच्या बाजूला. ओरडले, तर बाहेर कोणी नाही." तिने चष्मा नीट बसवला. "म्हटलं, ढब्बू बघतोय. हात केला तुला. किती वेळा केला. दिसला नाही का?"

समोर सलाइनची नळी होती. मी त्या नळीकडे बघत म्हणालो, "डबी त्या वेळी बंद पडली होती, आत्या."

"असं होय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखा भाव आला. "मला वाटलं, माझंच काही चुकलं. हात नीट वर गेला नसेल." आणि मग नेहमीसारखं तिने माझ्या हातावर थोपटलं.

मी स्वतःची टर उडवण्यात तरबेज आहे, पण या जागी मला ती उडवता येत नाही.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बसून मी डबीतली नोंद काढली. पंचावन्न मिनिटं. काड्यांच्या आत्याने अकरा वेळा हात केला होता. पहिले दोन वर ताठ गेले होते, तेच आम्ही पाहिले. पुढचे आम्ही चहा पीत असताना. दर खेपेला तो आधीपेक्षा कमी वर गेला होता आणि दर खेपेला शेजारी 'हॅलो!' उमटलं होतं. सातव्या आणि आठव्या हाताच्या मध्ये एक बारीक हालचाल होती, ती मला आधी कळेना. तीन वेळा मागे नेऊन पाहिली. आत्या कपडे सारखे करत होती. मग केसांवरून हात फिरवत होती. आपला भाचा पाहुण्यांना घेऊन आपल्याकडे बघतोय, अशा समजुतीत ती जमिनीवर पडल्या पडल्या नीटनेटकी होत होती. डबीत तिचे कपडेही दिसत नाहीत आणि केसही, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. ठिपका शेवटपर्यंत हिरवा होता.

मी रडलो. आणि रडून झाल्यावर काय केलं? प्रात्यक्षिकाचं इतिवृत्त लिहायचं राहिलं होतं, ते लिहिलं. 'प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणे पार पडले. समाजाच्या प्रतिनिधींनी उपकरणाद्वारे पाहुण्यांना अभिवादन केले. पाहुण्यांनी समाधान व्यक्त केले.' वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं. सवय फार वाईट.

मंजुरीचं पत्र आलं. दोनशे खोल्या. आता फक्त समाजाची सही बाकी होती. व्यवस्थापकांनी सहीची वाट न बघता मावशींना महिनाअखेरीस काम संपल्याची पत्रंही देऊन टाकली. मी मनात ठरवलं होतं की सही झाली की डबीत हळूच सुधारणा करायच्या, तिसऱ्या मजल्यावर जाऊन सगळ्यांना विचारायचं, सगळं नीट करायचं, फक्त बोभाटा नको. असले निश्चय मी नेहमी मनातच करतो. तिथे इतिवृत्त लिहावं लागत नाही.

बैठकीला आत्या चाकाच्या खुर्चीतून आली. खुर्ची ढकलत तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी होत्या. आत्याने पुन्हा ठेवणीतले कपडे घातले होते. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली, व्यवस्थापकांनी फुलं दिली, आणि मी संमतीचा कागद, वर प्रात्यक्षिकाचं इतिवृत्त असलेला, तिच्यापुढे सरकवला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवली होती.

आत्याने चष्मा पुसला आणि कागद वाचायला घेतला. सगळा. कोणी सगळा वाचत नाही हो. मी इतकी वर्षं त्याच भरवशावर लिहीत आलो.

"'अभिवादन केले'," तिने मोठ्याने वाचलं. "मी?"



"मी कधी केलं अभिवादन? मी तर..." तिने कागद खाली ठेवला. "ढब्बू, डबी बंद होती म्हणालास ना?"

उत्तरं माझ्याकडे तीन होती. एक, ते अभिवादन आधीचं होतं. दोन, टाइप करताना चूक झाली. तीन, आत्या, औषधांमुळे तुला नीट आठवत नाहीये. तिसरं सगळ्यात सोयीचं होतं. सगळ्यांनी लगेच मान्य केलं असतं, आत्यानेसुद्धा. तिने पेन उचललं असतं. मी तोंड उघडलंही. पण ती माझ्याकडे तशीच बघत होती, दुसऱ्या बाजूचा आवाज यायची वाट बघत असल्यासारखी, आणि मला तिचा तो हात दिसत होता, अकराव्या खेपेचा, जेमतेम खांद्यापर्यंत आलेला.

"डबी चालू होती," मी म्हटलं. "तू खाली होतीस ते आम्हाला दिसत होतं. डबी म्हणाली, बसल्या आहेत. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलंसुद्धा, खाली का बसल्यात. मी म्हटलं, व्यायाम करतेय. तू हात केलास तोही दिसला. सगळे हसले. मी..." "मी पण तुला हात केला, आत्या. आणि मग चहाला गेलो."

साहेब टेबलाकडे बघत होते.

"तू पहिल्याच बैठकीत सांगितलं होतंस, म्हातारी माणसं अशी पडत नाहीत म्हणून. मी विचारायला येतो म्हटलं आणि मुद्दाम आलो नाही. मावशींची फेरी मीच बंद केली. त्या नियम मोडून कप घ्यायला गेल्या म्हणून तू आज इथे आहेस. ही डबी म्हातारं माणूस पडलेलं ओळखत नाही. पैलवान पडलेला ओळखते. हे दोनशे खोल्यांत लावलं आणि मावशींना काढलं, तर माणसं अशीच पडून राहतील आणि आम्ही खाली बसून हिरवे ठिपके बघू."

मागे मावशींनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या. व्यवस्थापकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. साहेब खाकरले. "हे आपण, म्हणजे, आपसात बोलून घेऊ," ते म्हणाले. "इतिवृत्तात योग्य त्या भाषेत..."

"थांबा," आत्या म्हणाली.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, मी त्यासाठी खांदे पाडून तयार बसलो होतो. पण तिने खुर्ची जरा साहेबांच्या दिशेने वळवायला सांगितली आणि एक्स्चेंजमध्ये बसल्यासारख्या सपाट, स्वच्छ आवाजात विचारलं:

"साहेब, हा आत्ता काय म्हणाला ते तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं ना, पण मुद्दा असा आहे की..."

"ऐकू आलं का, तेवढंच सांगा."

साहेबांनी मावशींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "ऐकू आलं."

"व्यवस्थापक, तुम्हाला?"

आत्याला घाई नव्हती. दुसऱ्या टोकाला आवाज येईपर्यंत थांबायची तिला एकतीस वर्षांची सवय होती.

"आलं," व्यवस्थापक म्हणाले. "पत्रं मागे घेतो मी."

"मावशी?"

"मला आधीच ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या.

आत्याने तो कागद माझ्याकडे परत सरकवला. पेन्सिलीच्या खुणेपुढची जागा तशीच कोरी होती. मग तिने माझा हात धरला. शाळेतून आल्यावर, हात नीट धुतलेत का ते बघायला ती असाच धरायची.

"आणि तुला रे, ढब्बू?" तिने विचारलं. "तुला ऐकू आलं का, तू काय बोललास ते?"

मी मान हलवली. मान हलवलेली फोनवर कळत नाही. ती थांबूनच राहिली.

"हो आत्या," मी म्हटलं.

तेव्हा कुठे तिने हात सोडला.